टीव्हीला जोडलेला पीसी पुन्हा पुन्हा मंदावतो: कारण कसं पकडायचं आणि काय दुरुस्त करायचं

होम थिएटर पीसी रेंगाळायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. दोन-तीन आठवडे मशीन छान पळतं, मग मेनू पुन्हा अडखळतात आणि ४के फाइल पुन्हा गचके खायला लागते. असं होतं, कारण नव्या इन्स्टॉलेशनमध्ये चित्रपटांची लायब्ररी रिकामी असते, एसएसडीवर भरपूर जागा असते आणि मागे चालणारी कामं अजून सुरूच झालेली नसतात. टीव्हीखालच्या बंद कपाटातली गरम हवा, एकुलती एक रॅम स्टिक, आतून तुटलेली नेटवर्क केबल आणि टीव्हीचा चुकीचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो दर, हर्ट्झमध्ये) मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणून तक्रार परत आली असेल तर काही पुसण्याआधी आणि काही विकत घेण्याआधी ती चालू असतानाच पकडायची. मशीन मंदावलेलं असतानाची पाच मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत. रीस्टार्ट केलंत की पुरावा गेला.

आधी तक्रार नेमकी करा

नुसतं मंद चालतो म्हणून निदान होत नाही. नक्की काय आणि कधी अडकतं ते पाहा. चित्रपट व्यवस्थित चालतो पण मेनू आणि पोस्टर यायला वेळ लागतो, तर डिस्क, रॅम, लायब्ररी किंवा ३० हर्ट्झवर चाललेला टीव्ही यांच्याकडे बघायचं. मेनू ठीक आहेत पण ठरावीक फाइल पहिल्या सेकंदापासून अडखळते, तर डीकोडिंग, म्हणजे आवळलेला व्हिडिओ उलगडण्याचं काम, प्रोसेसरवर पडतंय. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत आणि मग गचके, तर उष्णता. गचके घड्याळ लावल्यासारखे ठरावीक अंतरानं येतात, तर रिफ्रेश रेट. चित्र अचानक थांबून गोल फिरायला लागतं, तर नेटवर्क. चित्र उत्तम पण आवाज तडतडतो, तर बहुधा एखादा ड्रायव्हर.

दुसरी तयारी म्हणजे तीन फाइल मशीनच्या आतल्या एसएसडीवर ठेवून द्यायच्या: एक साधी १०८०पी एच.२६४, एक ४के एचईव्हीसी १० बिट, आणि एक तीच जी नेहमी त्रास देते. (एच.२६४ आणि एचईव्हीसी हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळण्याच्या पद्धती; बिट म्हणजे रंगछटांची बारकाई.) नेटवर्कवरून अडखळणारी फाइल आतल्या डिस्कवरून नीट चालली, तर डीकोडर, ड्रायव्हर आणि ग्राफिक्स तिघेही एका झटक्यात संशयाबाहेर जातात. प्रत्येक बदलानंतर याच तीन फाइल लावायच्या, आणि एका वेळी एकच बदल करायचा. पाच सेटिंग एकदम बदलून फरक पडला, तर कशानं पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध शून्यापासून सुरू होतो.

आकडे कुठे दिसतात

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. चित्रपट चालू असताना सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू यांपैकी कोण ९० टक्क्यांच्या वर टेकलंय ते पाहा. जीपीयूच्या पानावर थ्रीडी आणि व्हिडिओ डीकोड असे वेगळे आलेख असतात. काही एएमडी कार्डांवर दुसऱ्याचं नाव व्हिडिओ कोडेक असतं. हा आलेख फार कामाचा आहे: चित्रपट चालू असूनही तो शून्यावर पडून असेल, तर हार्डवेअर डीकोडिंग होतच नाही.

त्याच टॅबवर सीपीयूच्या खाली अप टाइम लिहिलेला असतो. रोज रात्री शट डाउन करत असूनही तिथे वीस-पंचवीस दिवस दिसत असतील तर गोंधळून जाऊ नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शट डाउन करताना कर्नल आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टनं होते. टीव्हीच्या पीसीवर फास्ट स्टार्टअप बंद ठेवलेलं बरं. एसएसडी असेल तर सुरू होण्यातला फरक काही सेकंदांचाच असतो, आणि दर काही आठवड्यांनी उगवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात. हे सेटिंग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करेल ते ठरवणाऱ्या पानावर आहे.

प्लेअरचे स्वतःचे आकडेही पाहा. कोडीमध्ये पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असताना ओ ही कळ दाबली की डीकोडरचं नाव दिसतं आणि त्यापुढे एचडब्ल्यू (हार्डवेअर) किंवा एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर, म्हणजे प्रोसेसर) लिहिलेलं असतं. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि जे दाबून स्टॅटिस्टिक्सच्या टॅबवर हरवलेल्या फ्रेम मोजलेल्या दिसतात. एमपीव्हीमध्ये आय ही कळ. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स निवडलं, की कोडेक आणि गळलेल्या फ्रेम दोन्ही समोर येतात.

डीकोडिंग प्रोसेसरवर पडतंय

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो. तो काम करत असेल तर ४के चित्रपटालाही प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आसपास राहतो. तो वापरात नसेल तर तेच काम सगळ्या कोअरवर येतं, पंखा ओरडायला लागतो आणि जुन्या मशीनवर चित्र अडखळतं.

पहिला प्रश्न, तुमच्या चिपला तो फॉरमॅट येतो का? इंटेलच्या बाबतीत एच.२६४ चा ८ बिट फॉरमॅट २०११ पासूनच्या चिपांना आरामात जमतो. ८ बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एनव्हिडियाकडे १० बिट एचईव्हीसी जीटीएक्स ९५० आणि ९६० पासून आहे, तर एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून. म्हणजे सहाव्या पिढीच्या मशीनवर साधी एचईव्हीसी फाइल सुरळीत आणि एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवणारी) फाइल अडखळत, हे दृश्य दिसलं तर त्यात बिघाड काही नाही. एचडीआर चित्रपट १० बिट असतो आणि त्या चिपला तो हार्डवेअरमध्ये नीट उलगडता येत नाही.

एक फॉरमॅट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: १० बिट एच.२६४. अॅनिमेशनच्या जुन्या फाइलमध्ये तो खूप सापडतो. वापरात असलेल्या बहुसंख्य पीसी ग्राफिक्स चिपांना तो हार्डवेअरमध्ये येत नाही, मग त्या कितीही ताकदवान असोत. अशी फाइल प्रोसेसरवरच चालणार. १०८०पी असेल तर बरा प्रोसेसर ती सहज ओढतो. ओढत नसेल तर फाइल ८ बिटमध्ये रूपांतरित करणं हाच सरळ मार्ग.

दुसरा प्रश्न, चिपला येत असूनही वापर होत नाही का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. मोठ्या विंडोज अपडेटनंतर हे होऊ शकतं. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन टाका. एकावर एक बसलेले जुने ड्रायव्हर गोंधळ घालत असतील तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून पाटी कोरी करा आणि मग नवा टाका.

ड्रायव्हर ठीक असेल तर प्लेअरकडे वळा. कोडीत सेटिंगची पातळी एक्स्पर्टवर नेऊन प्लेअर, मग व्हिडिओज, तिथे डीएक्सव्हीए२ हार्डवेअर अॅक्सिलरेशन चालू आहे का ते तपासा. व्हीएलसीत इनपुट आणि कोडेक्सच्या पानावर हार्डवेअर डीकोडिंग ऑटोमॅटिकवर ठेवा. एमपीव्हीमध्ये हार्डवेअर डीकोडिंग मुळातच बंद असतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि एच दाबून ते चालू करून फरक पाहा आणि पटला तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कायमचं लिहून टाका. लिनक्सवर काही डिस्ट्रिब्युशन पेटंटच्या कारणानं काही कोडेक वगळतात. फेडोरानं २०२२ मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅकेजमधून एच.२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग काढलं. तिथे आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातली पर्यायी पॅकेज टाकावी लागतात.

ब्राउझरमध्ये वेगळीच गंमत होते. यूट्यूब शक्यतो एव्ही१ किंवा व्हीपी९ पाठवतं, कारण त्यात डेटा कमी लागतो. जुन्या चिपला ते हार्डवेअरमध्ये येत नाहीत आणि १०८०पी ६० फ्रेमचा व्हिडिओसुद्धा लटपटतो. स्टॅट्समध्ये एव्ही०१ दिसत असेल तर एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाकून यूट्यूबला एच.२६४ पाठवायला भाग पाडता येतं. त्या बदल्यात १०८०पीच्या वरची गुणवत्ता मिळत नाही, पण जुन्या मशीनवर न अडखळणारं १०८०पी हे अडखळणाऱ्या ४के पेक्षा कितीतरी चांगलं.

मॅडव्हीआर हा चित्र सुधारून दाखवणारा रेंडरर वापरत असाल तर डीकोडिंगनंतरचं काम, म्हणजे स्केलिंग आणि एचडीआरचं टोन मॅपिंग, ग्राफिक्स कार्डाला थकवतं. तिथेही कंट्रोल आणि जे दाबून रेंडरिंगचा सरासरी वेळ बघा. २४ फ्रेमच्या चित्रपटात एका फ्रेमसाठी ४१.७ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमच्या व्हिडिओत फक्त १६.७. सरासरी वेळ या मर्यादेच्या तीन चतुर्थांशांहून वर असेल, तर अवघड दृश्याला फ्रेम गळणारच. एनजीयू स्केलिंगची पातळी एक पायरी खाली आणा. सोफ्यावरून तो फरक क्वचितच दिसतो.

गचके ठरावीक अंतरानं येत असतील

इथे पीसी मंद नसतोच. फ्रेम गळत नाहीत, प्रोसेसर आरामात असतो, तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खात सरकतं. चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा असतो आणि टीव्ही ६० हर्ट्झवर. हिशोब जुळवायला एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी आलटून पालटून दाखवली जाते, आणि तेच डोळ्यांना खटकतं. कोडीत प्लेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट हे ऑन स्टार्ट अँड स्टॉपवर ठेवलं की टीव्ही चित्रपटाच्या दराला येतो.

त्यातही एक बारकावा. टीव्ही २३.९७६ ऐवजी नेमक्या २४ हर्ट्झवर गेला, तर दोन्हींतला फरक साठत जाऊन साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. घड्याळ घेऊन बसा: धक्का बरोबर एवढ्या अंतरानं येत असेल तर दुसरीकडे शोधण्यात वेळ घालवू नका. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये २३.९७६ चा पर्याय, जो विंडोजमध्ये बऱ्याचदा २३ हर्ट्झ असा लिहिलेला असतो, तो मिळतोय का पाहा आणि कोडीच्या व्हाइटलिस्टमध्ये २३.९७६, २५, ५०, ५९.९४ हे दर घाला. सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले हा दुसरा उपाय आहे, पण त्यात आवाजाचा वेग किंचित बदलावा लागतो आणि रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या ऑडिओ डब्याला) डॉल्बी किंवा डीटीएस थेट पाठवता येत नाही. रिसीव्हर असेल तर तो टाळावा.

रिफ्रेश रेटचीच दुसरी बाजू म्हणजे ३० हर्ट्झवर अडकलेला ४के टीव्ही. एचडीएमआय १.४ वरून ४के फक्त ३० हर्ट्झपर्यंत जातं, ६० साठी २.० लागतं. ३० हर्ट्झवर माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो, मेनू सरकताना तुटतात आणि सगळं मशीनच थकलंय असं वाटतं, पण टास्क मॅनेजरमध्ये सगळं निवांत असतं. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर एचडीएमआय पोर्ट १.४ चाच आहे. तिथे शेजारचा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० करणारा अॅक्टिव्ह अडॅप्टर लावा. पोर्ट आणि केबल दोन्ही बरोबर असूनही ६० चा पर्याय येत नसेल तर टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटसाठी पूर्ण बँडविड्थ चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये ते इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट या नावानं सापडतं. मध्ये रिसीव्हर असेल तर त्याचं इनपुटही तपासा, साखळीतला सगळ्यात जुना दुवा मर्यादा ठरवतो. आणि बाण ६० हर्ट्झवरही उशिरा हलत असेल तर टीव्हीचं चित्र सुधारणारं प्रोसेसिंग वेळ खातंय. त्या इनपुटला पीसी किंवा गेम मोड द्या.

अर्ध्या तासानंतर मंदावणं

टीव्हीखालचं लाकडी कपाट, समोर काचेचं दार, मागे तारांसाठी एक भोक आणि शेजारी तापणारा रिसीव्हर: पीसीसाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. थंड मशीन चालू केलं की सगळं ठीक, आत हवा साठत गेली की चित्र अडखळतं, बंद करून तासाभरानं लावलं की पुन्हा ठीक. धूळ हळूहळू साचते, म्हणून ही तक्रार साफसफाईनंतर काही महिने गायब होते आणि मग परत येते.

चाचणी अशी करा. तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो सेन्सर मोडमध्ये चालू ठेवा, कपाटाचं दार नेहमीसारखं लावा आणि तीच ४के फाइल सलग ४० मिनिटं चालवा. मग कोअरचं कमाल तापमान, कोअरचा वेग आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीपुढे यस आहे का ते वाचा. नंतर दार उघडं ठेवून हेच पुन्हा. तापमानात दहा अंशांहून जास्त फरक पडला तर दोष कपाटाचा आहे, पंखा किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) बदलून काही साधणार नाही. मागची फळी मोठी कापा किंवा काढून टाका, पीसीच्या मागे आणि बाजूंना किमान ५ ते १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, आणि तो रिसीव्हरच्या डोक्यावर कधीही ठेवू नका.

दार उघडूनही तापमान ९५ च्या वर जात असेल तर आतली साफसफाई. वायर काढा, झाकण उघडा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि मगच हवेचा फवारा मारा. पाती मोकळी सोडली तर ती हवेनं भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर पंख्याच्या बाजूला बसतो, वरून दिसत नाही. पंखा सोडवल्याशिवाय तो निघत नाही. चार-पाच वर्षांत पेस्ट वाळलेली असते. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी वाटाण्याएवढी लावा. उघडी छोटी चिप असलेल्या मिनी पीसीत त्याहून कमी पुरते, पण पूर्ण पृष्ठभाग झाकला जाईल याची खात्री करा.

वेग कमी होतोय पण तापमान ६५-७० च आहे, असंही दिसतं. मग तो थर्मल प्रकार नाही, पॉवर लिमिट आहे. इंटेलच्या चिपा थोडा वेळ, अनेक डेस्कटॉप मशीनवर २८ सेकंद, जास्त वॅट ओढतात आणि मग ठरलेल्या मर्यादेवर येतात. छोट्या मिनी पीसीत ती मर्यादा ६, १० किंवा १५ वॅट असते. पहिला अर्धा मिनिट सुरळीत आणि मग लगेच अडखळणं ही त्याची खूण. बायोसमध्ये मर्यादा थोडी वाढवता येते, पण हीटसिंकला ती पेलायला हवी. हार्डवेअर डीकोडिंग नीट चालू केलंत तर बहुतेक वेळा वाढवण्याची गरजच उरत नाही.

मेनू, पोस्टर आणि लायब्ररी

मेनू अडखळत असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग सेकंदाला एक-दोन एमबी असं दिसलं, तर सिस्टम हार्ड डिस्कवर आहे किंवा डिस्क मरायला टेकली आहे. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये करंट पेंडिंग सेक्टर काउंट आणि रीअॅलोकेटेड सेक्टर्स काउंट बघा. पेंडिंग शून्यापेक्षा जास्त असेल तर इतर सगळं थांबवून आधी डेटा दुसरीकडे घ्या. एकेक खराब सेक्टर वाचायला डिस्क अनेक सेकंद झटत राहते आणि तेवढा वेळ सगळा पडदा गोठतो. चित्रपट साठवायला हार्ड डिस्क उत्तमच आहे. विंडोज, कोडीचा डेटाबेस आणि पोस्टरचा साठा मात्र एसएसडीवरच हवा, आणि त्या एसएसडीवर १५ ते २० टक्के जागा मोकळी. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. टीव्हीच्या पीसीवर ती भरते प्लेक्स किंवा जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या मेटाडेटानं (पोस्टर, माहिती, थंबनेल), ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. व्हिडिओ प्रिव्ह्यू थंबनेल चालू असतील तर मोठ्या लायब्ररीत तो फोल्डर दहापट फुगतो.

हीच कामं प्रोसेसरही खातात. थंबनेल, इंट्रो शोधणं, जेलीफिनची ट्रिकप्ले (पुढे-मागे सरकवताना दिसणारी) चित्रं ही सगळी प्रत्येक फाइल आरपार वाचून तयार होतात. नव्या मालिकेचे दोन सीझन घातले की पुढचे काही दिवस मशीन दमलेलं राहतं. प्लेक्सची रोजची देखभाल मुळात रात्री २ ते ५ मध्ये ठरलेली असते. ते ठीकच, पण लायब्ररीत फाइल पडताच थंबनेल बनवण्याचा पर्याय बदलून तेही काम देखभालीच्या वेळेतच टाका. नको असेल तर सरळ बंद करा.

कोडीत फोल्डर उघडायला वेळ लागत असेल तर मीडिया, व्हिडिओज इथे जाऊन फाइलमधून थंबनेल काढणं आणि फाइलमधून व्हिडिओची माहिती काढणं, दोन्ही बंद करा. ती चालू असताना कोडी यादी दाखवताना एकेक फाइल उघडून बघतो, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरला ते फार जड जातं. सुरुवातीला लायब्ररी अपडेट करण्याचं सेटिंगही काढा. मग तात्पुरती कोडीची मूळची एस्ट्युअरी स्किन (मेनूचं रूप) लावून पाहा. तिच्यात मेनू चटकन चालले तर दोष तुमच्या आवडत्या स्किनच्या विजेटांचा आहे. प्रत्येक विजेट होम पडद्यावर येताना डेटाबेसला किंवा इंटरनेटला विचारणा करतं.

अँटिव्हायरसच्या अपवादांत कोडीचा डेटा फोल्डर आणि चित्रपटांचा फोल्डर घालायला हरकत नाही. डाउनलोडचा फोल्डर मात्र कधीही घालू नका.

बसल्यावर पहिला चित्रपट सुरू व्हायला आठ-दहा सेकंद आणि नंतर सगळे लगेच, हे झोपलेली हार्ड डिस्क जागी होण्याचं लक्षण. पॉवर ऑप्शन्समध्ये डिस्क बंद होण्याची वेळ वाढवली की ते जातं. बाहेरच्या यूएसबी डिस्कच्या डब्यात स्वतःचा टायमर असू शकतो, त्याला विंडोजचं सेटिंग लागू होत नाही.

नेटवर्क

४के ब्लू-रेच्या मूळ गुणवत्तेची फाइल सरासरी ५० ते ८० एमबीपीएस खाते, आणि मध्येच १०० च्या वर उड्या मारते. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात, म्हणजे नेमक्या मोठ्या दृश्याला चित्र थांबणार. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा. राउटर आणि पीसी दोन्ही गिगाबिटचे असूनही तिथे १०० दिसत असेल तर केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि बाकी सगळं चालू राहतं. दाराच्या फटीत चेमटलेली केबल हा यातला नेहमीचा गुन्हेगार.

वाय-फायवर ५ गीगाहर्ट्झ वापरा. केबल टाकणं अशक्य असेल तर कोडीचा बफर मोठा करा. २१ व्या आवृत्तीपासून ते सर्व्हिसेसमधल्या कॅशिंगमध्ये थेट बदलता येतं. त्यानं लहान खड्डे भरतात, सरासरी वेगच कमी असेल तर काही उपयोग नाही.

एकच रॅम स्टिक

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्राचं सगळं काम साध्या रॅममधून होतं. ४के ची एक फ्रेम म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, १० बिटमध्ये मेमरीत सुमारे २५ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम एकदा लिहायच्या म्हटल्या तरी दीड जीबी, आणि डीकोड, डीइंटरलेस, स्केल, सबटायटल, पडद्यावर पाठवणं अशा प्रत्येक पायरीला तेच पुन्हा वाचायचं-लिहायचं. डीडीआर४ २४०० ची एक स्टिक सेकंदाला कमाल १९.२ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये ३८.४. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्लॉट्स यूज्डपुढे दोनपैकी एक असं दिसलं, तर त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक घाला. ८ जीबीची एक स्टिक असण्यापेक्षा ४-४ च्या दोन या कामाला बऱ्या. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर चॅनेल ड्युअल दिसायला हवं. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारशेजारचे स्लॉट भरले तर बरेचदा सिंगलच राहतं, मॅन्युअलमधली जोडी पाहा. एकूण रॅम ४ जीबी असेल तर हल्लीचं विंडोज रॅममधला डेटा सतत डिस्कवर टाकत-उचलत राहणार. तिथे कुठलंही सेटिंग पुरणार नाही.

कीबोर्ड, आवाज आणि स्लीप

वायरलेस कीबोर्डच्या कळा हुकतात, बाण उड्या मारतो, आणि दोष मशीनच्या वेगावर जातो. डोंगल यूएसबी ३.० च्या डिस्कशेजारी लावला असेल तर तेच कारण. यूएसबी ३.० ची वायर आणि पोर्ट २.४ गीगाहर्ट्झमध्ये गोंगाट सोडतात, आणि डोंगल तिथेच बोलत असतो. डोंगल एक मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेंशननं टीव्हीच्या पुढच्या बाजूला आणा.

आवाज तडतडत असेल तर लेटन्सीमॉन हा ड्रायव्हरचा अडथळा मोजणारा प्रोग्राम १५ मिनिटं चालवा. कोणत्या ड्रायव्हरनं सगळ्यात जास्त वेळ अडवला त्याचं नाव तो देतो. बहुतेकदा वाय-फायचा किंवा नेटवर्कचा असतो. तो अपडेट करा, किंवा केबल वापरत असाल तर वाय-फाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंदच करा.

स्लीपमधून उठल्यावरच अडखळत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. लगेच सगळं सुरळीत झालं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचाच, जुनी स्थिर आवृत्ती टाकून पाहा. रिफ्रेश रेटही तपासा, कारण टीव्ही बंद असताना पीसी उठला तर तो कधी कधी चुकीच्या रेझोल्यूशनला किंवा दराला चिकटून बसतो.

हार्डवेअर बदलायचंच असेल

हे सगळं तपासून डीकोड आलेख शून्यावरच राहिला आणि फॉरमॅट तुमच्या चिपला येत नाही हे नक्की झालं, तरच बदला. जुन्या डेस्कटॉपला छोटं ग्राफिक्स कार्ड पुरतं, पण कार्डाच्या मालिकेवर विसंबू नका. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेला एव्ही१ येतं, पण त्यातल्याच ६४०० आणि ६५०० एक्सटीमधून ते वगळलेलं आहे, आणि होम थिएटरच्या लहान केसमध्ये मावणारी म्हणून नेमकी हीच कार्डं सुचवली जातात. त्या मॉडेलच्या तपशिलात एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ डीकोड तिन्ही लिहिलेले आहेत का, एचडीएमआय २.० किंवा पुढचं आहे का आणि केसमध्ये अर्ध्या उंचीची पट्टी लागते का, एवढं पाहून मगच घ्या.